वीडरचं हेड पॅकिंग: सेट बरा, फेसिंग त्याहून बरं, सिलिकॉन नकोच

सांगली-मिरजेच्या स्पेअरच्या दुकानात पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) आणि फवारणीच्या एचटीपी पंपाच्या पेट्रोल इंजिनाचा ‘फुल पॅकिंग सेट’ प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, त्याच्याखालच्या पॅकिंगमधून फुसफुसायला लागलं की बहुतेक जण हा सेट घेतात, संध्याकाळपर्यंत बसवतात, आणि थोड्याच दिवसांत तेच हेड त्याच जागी पुन्हा फुसफुसतं. मग शिव्या दुकानदाराला. इथे त्या सेटची पारख केली आहे आणि मिरज-कुपवाड एमआयडीसीतल्या गाळ्यांवर होणाऱ्या हेड फेसिंगचीही (हेडची सांध्याकडची बाजू मशीनवर सपाट करणं), कारण एकाचा पैसा वसूल व्हायचा तर दुसऱ्याची गाठ पडतेच. सेटला पाचपैकी साडेतीन. फेसिंग नीट झालं तर साडेचार. पॅकिंगला फासायच्या सिलिकॉनच्या ट्यूबला शून्य.

इंजिन कोणतं ते आधी. होंडाचं जीएक्स १६० आणि त्याच्या धर्तीवर बनलेली १६८एफ, १७०एफ ही इंजिनं. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागेतले वीडर, हळदीला भर लावायचं यंत्र, फवारणीचा एचटीपी, नदीवरचा छोटा पंप, सगळीकडे हीच जात. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, हवेवर थंड होणारं, २५ अंश कललेलं. जीएक्स १६० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४५ मिमी, १६३ सीसी. १७०एफचा बोअर ७० मिमी. हे दोन मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच घोटाळा होतो.

पैसे खर्च करण्याआधी गळती खरोखर हेडचीच आहे का ते बघायचं. बाहेरच्या बाजूला गळत असेल तर काम सोपं: हेड आणि सिलिंडरच्या सांध्यावर काळ्या काजळीचा ओघळ दिसतो, आणि दोरी ओढताना साबणाचं पाणी मारलं की फेस उडतो. अवघड जात आतली आहे. या इंजिनात पुशरॉडची (खालून व्हॉल्व्ह चालवणाऱ्या काडीची) पोकळी सिलिंडरला अगदी खेटून आहे. मध्ये पॅकिंगची अरुंद पट्टी असते आणि जळते ती बहुतेक तिथेच. तिथून जळालेला वायू थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या पेटीत, शिरतो, ब्रीदरमधून (त्या पेटीची वाफ सोडणाऱ्या नळीतून) तेल एअर फिल्टरमध्ये येतं, निळसर धूर सुरू होतो. बाहेर काजळीचा टिपूस नाही, आवाज नाही. फिटर म्हणतो, रिंगा गेल्या. रिंगा बदलून होतात, धूर तसाच राहतो.

कॉम्प्रेशन गेजवर इथे फार भिस्त ठेवू नका. दोरी सोपी ओढली जावी म्हणून कॅमवर (व्हॉल्व्हना चाल देणाऱ्या दांड्यावर) ऑटो डीकॉम्प्रेसर असतो. तो एग्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, त्यामुळे चांगल्या इंजिनातही आकडा कमीच दिसतो. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा, प्लगच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची ४-५ बार हवा सोडा आणि कान द्या. क्रँक मात्र पक्का अडवून ठेवा, हवा आत गेली की शाफ्ट झटका मारतो. कार्ब्युरेटरमधून सूं आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एग्झॉस्ट. सांध्यावर साबण फुगला तर पॅकिंग. तेलाच्या बुचातून आली तर रिंगा किंवा ती पुशरॉडकडची पट्टी. या शेवटच्या दोघांतला फरक हेड उघडल्यावरच कळतो: पट्टी जळाली असेल तर पॅकिंगवर बोअरपासून पोकळीपर्यंत काळी वाट पडलेली असते.

आता सेटकडे. पिशवीत हेड पॅकिंग, रॉकर कव्हरचं, क्रँककेस कव्हरचं, कार्ब्युरेटरची पातळ पॅकिंग आणि सायलेन्सरचं असं सगळं असतं. काही सेटमध्ये क्रँकचं ऑइल सील पण येतं. हेडसाठी यातली निम्मी लागतच नाहीत. क्रँककेसचं पॅकिंग घरी पडून राहतं, पण सुट्टं हेड पॅकिंग सगळीकडे मिळत नाही म्हणून सेट घ्यावा लागतो. त्यातलं सायलेन्सरचं पॅकिंग मात्र जरूर बदला. जुनं एकदा सुटलं की परत बसत नाही, आणि मग सायलेन्सरची फटफट ऐकून हेडच पुन्हा गेलं असं वाटतं.

हेड पॅकिंगचे दोन प्रकार दुकानात दिसतात. एकात आत पोलादी पत्रा, वर ग्रॅफाइटचा थर आणि बोअरभोवती पत्र्याची दुमडलेली कडी. दुसऱ्यात कडी नावापुरती, बाकी सगळा पुठ्ठ्यासारखा थर. पहिला घ्या. कडीवर नख फिरवलं तर दुमड सगळीकडे सारखी लागली पाहिजे. कुठे सुटलेली, कुठे चेपलेली असेल तर ते पॅकिंग परत द्यायचं. पिशवीत दुमडलेलं पॅकिंगही नको. ग्रॅफाइटला एकदा घडी पडली की ती वळ धरते आणि नेमकी तिथूनच गळते. साडेतीनच गुण दिले ते याच कारणाने: माल वाईट नाही, पण एकसारखा येत नाही, आणि पिशवीवर बोअरचा आकडा छापलेला असतोच असं नाही.

म्हणून व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) खिशात असावा. नसेल तर निदान जुनं पॅकिंग बरोबर न्या. कडीचा आतला व्यास बोअरपेक्षा थोडा मोठा हवा, साधारण एक-दीड मिलिमीटरने. ७० च्या बोअरवर ६८ चं पॅकिंग बसवलं तर कडी ज्वाळेत डोकावते, लाल होते आणि थोड्याच तासांत तुटते. बोल्टची भोकं जुळतात, ‘बसलं की’ म्हणून समाधान होतं, फसवणूक होते ती इथे. इंजिनवरचा स्टिकर उन्हाने कधीच उडालेला असतो, त्यामुळे हेड काढल्यावर बोअर मोजून मगच दुकानात जाणं उत्तम.

आणि गळतीचं मूळ? बहुतेक वेळा पॅकिंग बिचारं निर्दोष असतं. आपल्या काळ्या मातीची धूळ पंख्याच्या जाळीतून आत ओढली जाते, तेलाच्या ओलाव्यावर चिकटते आणि सिलिंडरच्या फिनमध्ये (थंडाव्याच्या पात्यांमध्ये) विटेसारखी घट्ट बसते. वरून काही दिसत नाही, कारण पत्र्याचं आवरण सगळं झाकून टाकतं. एका बाजूची हवा बंद, ती बाजू जास्त तापते, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, मग पॅकिंग जळतं. त्यात ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणीचा तगादा, इंजिन सलग चालू, आणि जास्त दाब मिळावा म्हणून गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ओढून ठेवलेली. तुटलेलं आवरण काढून ठेवून ‘हवा जास्त लागते’ म्हणणारेही भेटतात. उलट आहे. आवरणामुळेच हवा फिनवरून जाते, ते नसलं की पंखा सगळा वारा मोकळ्यावर उधळतो.

खोलायला १० आणि १२ चं सॉकेट पुरतं. पेट्रोल बंद, टाकी, सायलेन्सर, कार्ब्युरेटर, आवरण, रॉकर कव्हर काढा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) ताण येत नाही. पुशरॉड काढताना कुठली इनलेटची, कुठली एग्झॉस्टची ते पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. हेडचे चार बोल्ट तिरप्या जोडीने थोडे थोडे सैल करायचे, एकच बोल्ट एकदम नाही. तापलेल्या इंजिनाचं हेड तर काढूच नका. अॅल्युमिनियम गरम असताना चार बोल्टांतला एक मोकळा केला की जे सरळ होतं तेही वाकतं.

दोन वस्तू इथे हमखास हरवतात. एक, एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेंड्यावरची छोटी टोपी. हेड उलटं केलं की ती निसटून गवतात जाते, आणि नंतर क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) इतका मोठा येतो की अॅडजस्टिंग स्क्रू पुरतच नाही. दुसरी, हेड जागेवर बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना. एखादी हेडला चिकटून जाते, एखादी ब्लॉकमध्ये राहते. पिनांशिवाय हेड बोल्टच्या मोकळीकीएवढं सरकतं आणि कडी बोअरवर तिरकी बसते. सेटमध्ये पिना येत नाहीत, सुट्ट्या मागाव्या लागतात.

काजळी काढायला बांबूची चपटी कांब किंवा जुन्या प्लॅस्टिक पट्टीची कड. ड्रिलला तारेचा ब्रश लावून काम चटकन होतं खरं, पण तो सांध्याची धार गोल करतो आणि पॅकिंगला बसायला सपाट जागाच राहत नाही. बोअरच्या भिंतीला कडेने ग्रीसची रेघ ओढून ठेवली तर पडणारा कचरा तिला चिकटतो, नंतर पुसून घेता येतो.

यानंतरची पायरी सगळे टाळतात. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या). मूळ इंजिनाच्या हेडला वाकाची मर्यादा ०.१० मिमी आहे. पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची, खाली ०.१० ची पत्ती कुठेही शिरली तर नवं पॅकिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. ब्लॉकचा माथाही असाच तपासा. ब्लॉक क्वचित वाकतो, पण पुशरॉडकडच्या पट्टीशी वायूने खाल्लेली चर पडलेली असते; ती डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते.

मग फेसिंग. ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तिथे टर्नर-फिटरची वाण नाही, आणि मिरज किंवा कुपवाडच्या गाळ्यांवर असं छोटं हेड सपाट करून मिळतं. काम चांगलं होतं. फक्त तुम्ही काय सांगता त्यावर बरंच अवलंबून आहे. ‘फेस मारून द्या’ एवढंच म्हटलं तर समोरचा चकचकीत दिसेपर्यंत काप घेतो. सांगायचं असं: व्हॉल्व्ह काढून आणलेत, मिलिंगवरच घ्या, सगळीकडून जेमतेम साफ होईल एवढाच काप. पृष्ठभाग ग्राइंडरवर अॅल्युमिनियम घेऊ देऊ नका, दगड भरतो, पृष्ठभाग फाटल्यासारखा होतो. लेथवर चार जबड्यांच्या चकमध्ये धरूनही फेस होतो, पण हेडचा आकार वेडावाकडा, आवळून धरताना थोडं वाकलं तर सोडल्यावर परत उसळतं. म्हणून काम घेऊन निघण्याआधी तिथेच पट्टी लावून बघा. चांगला कारागीर स्वतःच पट्टी काढून दाखवतो.

किती काप चालेल याची लोकांना उगाच धास्ती असते. हिशेब सोपा आहे. ६८ च्या बोअरचं क्षेत्रफळ साधारण ३६.३ चौरस सेंमी, म्हणजे ०.१ मिमी कापला तर फार तर ०.३६ सीसी जागा कमी होते. जुन्या जीएक्स १६० चं कॉम्प्रेशन ८.५ ला १, म्हणजे पिस्टन टॉपला असताना वर उरणारी जागा सुमारे २१.७ सीसी. काप घेतल्यावर प्रमाण ८.६ च्या आसपास जातं. इंजिनाला कळणारही नाही. अर्धा मिलिमीटर घेतला तर मात्र कळेल. खटखट सुरू होईल आणि तापेलही जास्त.

गैरसोय एकच. एका हेडला कापापेक्षा मशीनवर सेटिंग करायलाच जास्त वेळ जातो, त्यामुळे मोठ्या कामाच्या रांगेत आपलं हेड मागे पडतं आणि भाव त्या वेळेचा लागतो. गावातली दोन-तीन हेडं एकत्र नेली तर बोलता येतं. भाव आधी ठरवा. अर्धा गुण कापला तो या रांगेसाठी.

वाक ०.१० च्या जवळपासच असेल तर घरीही होतं. जाड काच (दुकानाच्या काउंटरची जुनी काच चालते, खिडकीची पातळ काच वाकते), त्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवायचा, हेडच्या फेसवर मार्करने जाळी काढायची आणि मराठी चारच्या आकड्यासारखं फिरवत घासायचं. दर थोड्या फेऱ्यांनी हेड चतकोर वळवा, नाहीतर ज्या बाजूला हात जड ती बाजू जास्त उतरते. जाळी सगळीकडून पुसली गेली की ४०० चा पेपर, मग रॉकेल, मग साबण-पाणी. बारीक वाळू व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये राहिली तर पुढचं दुखणं तयार.

बसवताना पॅकिंग कोरडंच. तेल नको, ग्रीस नको, शेलॅक नको. बोल्टची भोकं काडीला कापड गुंडाळून साफ करा. तळबंद भोकात तेल किंवा पाणी साचलं असेल तर बोल्ट ते दाबतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, हेडवर मात्र दाब येत नाही. जास्त जोर केला तर अॅल्युमिनियमला चीर जाते. एम८ चे आटे गेलेले असतील तर १.२५ पिचचं हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकून घ्या. लांब बोल्ट टाकून किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळून आटे धरत नाहीत.

जीएक्स १६० च्या हेड बोल्टला २४ न्यूटन मीटर. तिरप्या जोडीने तीन टप्प्यांत: आधी १०, मग १८, मग २४. टॉर्क पाना नसेल तर स्प्रिंग काटा वापरा. पान्याच्या दांड्यावर बोल्टच्या मध्यापासून २० सेंमीवर काटा अडकवा आणि दांड्याला काटकोनात १२ किलोपर्यंत ओढा, साधारण २३.५ न्यूटन मीटर येतात. ‘हाताच्या अंदाजाने’ चारही बोल्ट सारखे लागतात हा गैरसमज आहे. सायलेन्सरच्या बाजूचा बोल्ट अडचणीत असतो, तो नेहमी ढिला राहतो आणि हेड पुन्हा गळायला लागतं ते त्याच कोपऱ्यातून.

रॉकर लावताना पुशरॉडचं खालचं टोक टॅपेटच्या वाटीत बसलंय का ते बोटाने हलवून बघा. वाटीबाहेर राहिली तर पहिल्या दोरीलाच वाकते. जुन्या जीएक्स १६० चा क्लिअरन्स थंड इंजिनावर: इनलेट ०.१५, एग्झॉस्ट ०.२० मिमी, दोन्हीला ०.०२ ची सूट. फेसिंगनंतर हेड खाली आलेलं असतं, म्हणजे जुना क्लिअरन्स आता कमी पडतो. ‘आधी बरोबर होता’ म्हणून तसाच ठेवला तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. इथेही डीकॉम्प्रेसर फसवतो. पिस्टन टॉपच्या किंचित अलीकडे असेल तर तो व्हॉल्व्ह उचलून धरतो आणि माप खोटं येतं. टॉप ओलांडून केसभर पुढे घेऊन मोजा.

आता ती ट्यूब. राखाडी असो, लाल असो, ‘उच्च तापमान’ लिहिलेली असो, सिलिकॉन हे तेलाच्या आणि पाण्याच्या झाकणांसाठी आहे. हेडच्या सांध्यावर जळत्या वायूचा दाब आणि आच त्याच्या आवाक्यातली नाही. शिवाय दाबल्यावर ते आत सरकतं, पुशरॉडच्या पोकळीत लोंबतं, तुकडे सुटून तेलात पडतात. बाजारात दुकानदारच सेटसोबत ती ट्यूब देतो, ‘असू द्या वापरायला’ म्हणून. घेऊ नका. तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग कापून बसवणारेही आहेत. ते तापवून मऊ केलेलं आणि दोन्ही फेस उत्तम सपाट असतील तर टिकतं, पण दोन्ही फेस तितके सपाट असतील तर साधं पॅकिंगही टिकतंच.

विहिरीवरच्या पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे गळती पाण्यात बुडबुड्यांनी कळते, आणि पॅकिंगच्या जाडीवर पिस्टन-हेडमधली बंपिंग क्लिअरन्स ठरते. शिशाची तार दाबून ती मोजल्याशिवाय तिथे फेसिंगही नको, वेगळ्या जाडीचं पॅकिंगही नको.

सगळं जोडल्यावर वीस मिनिटं बिनलोड चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग बोल्ट २४ वर आहेत का ते पुन्हा बघा आणि क्लिअरन्स तपासा. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये किंवा प्लगच्या भोकाशी चीर दिसली असेल तर फेसिंगचा खर्चच करू नका. अशा वेळी व्हॉल्व्हसकट पूर्ण हेड मिळतं ते घ्यावं, आणि तेही बसवण्याआधी पट्टी लावून, कारण डब्यातून काढलेलं नवं हेड सरळ असेलच याची खात्री कोणी देत नाही.